मोबाइल घरी उघडण्याआधी खर्चाचा पूर्ण हिशेब

फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते. दुकानदार बदलायचे बाराशे सांगतो. ऑनलाइन तीच बॅटरी पाचशेला दिसते आणि व्हिडिओतला माणूस ती वीस मिनिटांत बसवून दाखवतो. सातशे रुपये वाचवावेत असं कुणालाही वाटेल. ते वाचतातही, पण सगळ्याच कामांत नाही, आणि पहिल्या फोनला तर जवळजवळ नाहीच. कोणतं काम घरी करायचं, कोणतं दुकानात द्यायचं, काय विकत घ्यावं लागतं आणि पैसे कुठे गळतात, ते पुढे दिलं आहे. किमती मुंबई-पुण्याच्या बाजारातल्या साधारण किमती आहेत. मॉडेलप्रमाणे त्या खाली-वर होतात. तुमच्या मॉडेलचा भाव तीन ठिकाणी विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

आधी फुकटचे उपाय

चार्जिंग होत नाही म्हणून जॅक बदलायला निघाला असाल, तर टॉर्च लावून जॅकच्या आत पाहा. खिशातला कापडाचा भुगा आणि धूळ तळाशी दाबून बसते. मग केबल पूर्ण आत जात नाही आणि पिन हलवत बसावी लागते. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने कडेकडेने कचरा हलकेच बाहेर ओढा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन नको. टाइप-सीच्या मधल्या पातळ जिभेवरचे संपर्क वाकले, की मग जॅक खरंच बदलावा लागतो. त्यानंतर दुसरी केबल लावून पाहा, दुसरा अॅडॉप्टर लावून पाहा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

बॅटरी लवकर उतरते? सेटिंग्जमध्ये कुठलं अॅप किती खातं ते पाहा. एखादं अॅप मागे सतत चालू असेल, तर नवी बॅटरीही टिकणार नाही. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा ८० टक्क्यांखाली गेला असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ आली. सॅमसंगमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ अॅपमध्ये बॅटरीची तपासणी होते. बाकीच्या फोनमध्ये एक ठळक खूण आहे: ३०-४० टक्के चार्ज दाखवत असताना फोन एकाएकी बंद पडतो आणि चार्जर लावताच पुन्हा तेवढेच टक्के दाखवतो. ही बॅटरीच.

फोनची पाठ वर आली असेल किंवा स्क्रीन एका कडेने उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा, उशीजवळ ठेवू नका. फुगलेली बॅटरी घरी काढू नका. तिला टोचलं किंवा वाकवलं तर आग लागते. हे काम सर्व्हिस सेंटरला किंवा जाणत्या कारागिराला द्या.

स्क्रीनवर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली असेल, तर बाजारात जाण्याआधी कंपनीला विचारा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर आलेल्या अशा रेघांसाठी काही कंपन्यांनी भारतात ठराविक मॉडेलचे स्क्रीन वॉरंटी संपल्यावरही मोफत बदलून दिले आहेत. अट बहुधा एवढीच असते, की फोन पडलेला नसावा आणि बाहेर उघडलेला नसावा. तुम्ही तो घरी उघडलात, की हा हक्क तिथेच संपतो.

कागद काढा, मग अवजारं

फोनचं मूळ बिल शोधा. त्यावर आयएमईआय क्रमांक असतो. नसेल तर *#०६# डायल करून तो लिहून घ्या. बिलाच्या तारखेपासून एक वर्ष झालं नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. थेट सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटीतला फोन बाहेर उघडला, की कंपनी हात वर करते. स्क्रीन प्रोटेक्शनची योजना किंवा मोबाइल विमा घेतला असेल, तर त्याचा कागदही वाचा. फोन विकत घेताना हजार-दीड हजार रुपये भरून ही योजना घेतात आणि काच फुटल्यावर विसरून जातात. क्लेमसाठी काही योजनांत प्रोसेसिंग फी लागते. ती किती, ते आधी विचारा.

वॉरंटी संपली असेल, तर कंपनीचा दर पाहा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी अशा बऱ्याच कंपन्या आपल्या वेबसाइटवर मॉडेलनुसार सुट्या भागांचे दर देतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवरही कंपन्यांची माहिती एकत्र मिळते. दर पाहिल्यावर सर्व्हिस सेंटरला फोन करून चार गोष्टी विचारा. हा दर करासह आहे का? मजुरी वेगळी का? जुना भाग परत द्यावा लागतो का? फोन दाखवून काम न करता परत नेला, तर तपासणीचे पैसे घेता का? मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २५० रुपये सांगितले तर हातात २९५ रुपयांचं बिल येतं.

बरेच लोक कंपनीचा दर न बघताच ‘सर्व्हिस सेंटर महाग’ म्हणून मोकळे होतात. तीन-चार वर्षं जुन्या स्वस्त अँड्रॉइड फोनची मूळ बॅटरी कंपनीत मजुरीसकट हजार-बाराशेच्या घरात मिळत असेल, तर घरी उघडण्यात अर्थ नाही. स्क्रीनचं मात्र उलटं आहे. अॅमोलेड स्क्रीनचा कंपनीचा दर चार हजारांपासून सुरू होतो आणि महागड्या फोनला पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो. गडबड इथेच होते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

घरी काय करायचं, काय नाही

घरी करण्याजोगी कामं थोडी आहेत: बॅटरी, चार्जिंगचा छोटा बोर्ड, बॅक पॅनेल, खालचा स्पीकर, कॅमेऱ्यावरची काच, सिम ट्रे. त्यातही फोन पाठीकडून उघडणारा हवा आणि पाठ प्लास्टिकची असेल तर उत्तम. काचेची पाठ उघडताना फुटते आणि तीनशे ते हजार रुपयांचा आणखी एक भाग वाढतो.

घरी करू नयेत अशी कामं: वळलेल्या कडांचा स्क्रीन, घडीचा फोन, पाण्यात पडलेला फोन, ‘फक्त वरची काच बदलणं’ आणि मदरबोर्डवरचं काहीही. वरची काच वेगळी करून नवी चिकटवायला गरम प्लेट, तार, पारदर्शक गोंदाचा (ओसीए) थर आणि बुडबुडे काढायचं यंत्र लागतं. ड्रायरने ते होत नाही. आतलं पॅनेल फुटतं. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवू नका, चार्जला लावू नका. बंद करून त्याच दिवशी कारागिराकडे न्या. आत ओल राहिली की बोर्डावर गंज चढतो आणि दोन दिवसांनी कारागिराच्याही हाती काही राहत नाही.

आयफोनबद्दल वेगळं सांगतो. तो बहुधा समोरून उघडतो, स्क्रीन जोडणारी पट्टी (रिबन केबल) पातळ असते आणि वरच्या बाजूच्या सेन्सरची पट्टी तुटली तर फेस आयडी कायमचा जाऊ शकतो. बाहेरची बॅटरी किंवा स्क्रीन लावला, की सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात भाग’ अशी सूचना दिसते. विकताना गिऱ्हाईक ती पाहून दोन-तीन हजार कापतो. स्क्रूही निराळे: तळाचे पाच पाकळ्यांचे, आतले काही तीन टोकांचे. पहिलाच फोन उघडत असाल तर तो आयफोन नसावा.

किती सामान, किती पैसे

स्क्रूड्रायव्हरचा छोटा संच, प्लास्टिकच्या पट्ट्या, त्रिकोणी पिक, सक्शन कप आणि चिमटा असलेलं किट ३०० ते ५०० रुपयांत मिळतं. दीडशेचं किट घेऊ नका. त्याची टोकं मऊ असतात, दुसऱ्याच स्क्रूवर घासली जातात आणि स्क्रूचं डोकंही गोल करून ठेवतात. असा एक स्क्रू अडला की काम थांबलं. पाठ चिकटवायला बी-७००० गोंदाची छोटी नळी १०० ते १५० रुपये. बॅटरीखालचा गोंद सैल करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, १५० ते २०० रुपये. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं. हेअर ड्रायर घरातला चालेल. इस्त्री, मेणबत्ती, गॅसची ज्योत यांना जवळही आणू नका.

आता पाचशेच्या बॅटरीचा हिशेब. बॅटरी ५००, किट ३५०, गोंद १२०, अल्कोहोल १५०, घरपोचीचे ५०. एकूण ११७०. दुकानदार १२०० म्हणत होता. वाचले ३० रुपये, तेही काही तुटलं नाही तर. घरात दुसरा फोन असेल आणि त्याचीही बॅटरी बदलायची असेल, तर किट, गोंद, अल्कोहोल घरात आहेच. तेव्हा ५५०मध्ये काम होतं आणि खरे साडेसहाशे वाचतात. म्हणजे एकाच फोनसाठी किट घेण्यात पैशाचा फायदा नाही. कुणाचं किट मागून मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

चार्जिंग बोर्डाचं गणित चांगलं आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जॅक, माइक आणि कधी कधी हेडफोनचं भोक तळाच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं. तो १५० ते ५०० रुपयांना मिळतो, चार-सहा स्क्रू काढून बसतो, डाग द्यावा लागत नाही. दुकानात याच कामाचे ५०० ते १००० घेतात. मात्र स्वस्त नकली बोर्डावर फास्ट चार्जिंगचा भाग नसतो. फोन चार्ज होतो, पण तीन तास लागतात, आणि तुम्ही बॅटरीवर संशय घेत बसता. घेताना ‘फास्ट चार्जिंग सपोर्ट आहे का’ हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

सुटा भाग घेताना

मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाला ‘प्रो’, ‘एस’, ‘फाइव्ह जी’ अशी शेपटं असतात आणि प्रत्येकाची बॅटरी, पट्टी, बोर्ड वेगळा असू शकतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. बॅटरीवरही क्रमांक छापलेला असतो: शाओमीचा बहुतेक वेळा बीएनने सुरू होतो, ओप्पो-रिअलमीचा बीएलपीने, सॅमसंगचा ईबीने. तो जुळला पाहिजे.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण बंधनकारक आहे: आयएस १६०४६ आणि खाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून बघा. कुणाच्या नावावर आहे ते दोन मिनिटांत कळतं. खूणच नसेल तर बॅटरी शंभर रुपयांनाही घेऊ नका. मूळ बॅटरी ४००० एमएएचची आणि बाजारातली तेवढ्याच आकारात ६००० छापलेली, तर तो आकडा खोटा. जागा तेवढीच, तर एवढी वीज मावणार कुठे? उत्पादनाची तारीखही बघा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी राहिलेली नसते.

बाजार कुठे? मुंबईत मनीष मार्केट आणि ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली पासोड्या विठोबा-तापकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी. लॅमिंग्टन रोडची बहुतांश दुकानं रविवारी बंद असतात. कामाच्या दिवशी दुपारी जा. घाऊक दुकानांत एक सुटा भाग विकायला नाखूश असतात, पण मॉडेल क्रमांक लिहून नेला आणि जुना भाग सोबत असला तर देतात. ‘ओरिजिनल’ हा शब्द ऐकून खूश होऊ नका. बाजारात ‘ओरिजिनल’, ‘ओजी’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘सर्व्हिस पॅक’ हे शब्द ज्याला जसे सोयीचे तसे वापरले जातात. कंपनीच्या खोक्यात सीलबंद आलेला तो सर्व्हिस पॅक. बाकी सगळ्याचा खात्रीदार तुम्हीच.

पक्कं बिल मागा. ‘बिल हवं तर १८ टक्के वेगळे’ हे वाक्य ऐकायला मिळेल. पाकिटावर एमआरपी छापली असेल तर तीत सगळे कर आलेले असतात; वरून कर घेता येत नाही. बिलावर भागाचं नाव, मॉडेल क्रमांक, तारीख आणि वॉरंटीचे दिवस हवेत. तोंडी वॉरंटी म्हणजे शून्य वॉरंटी. बहुतेक दुकानांत सुट्या भागाला ‘टेस्टिंग वॉरंटी’ असते: लावून बघा, चालत नसेल तर बदलून देऊ, पण वरची पातळ फिल्म काढली किंवा गोंद लागला की परत नाही. ऑनलाइन मागवलेल्या बॅटरीच्या बाबतीत परतीच्या अटी आधी वाचा. अनेक विक्रेते बॅटरी परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात, तेही सात दिवसांत. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

बॅटरी बदलताना

पूर्ण बॅकअप घ्या. फोटो, संपर्क, व्हॉट्सअॅप, तिन्ही. गुगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे का, ते तपासा. तो नसेल आणि फोन रीसेट झाला, तर फोन उघडणारच नाही. यूपीआयची पर्यायी सोय करून ठेवा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय पुन्हा चालू केलं, तर पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा कमी असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भाडं-हप्ते देण्याच्या दिवसांत फोन उघडू नका.

चार्ज २५ टक्क्यांखाली येऊ द्या. भरलेली बॅटरी टोचली गेली तर आग जास्त भडकते. फोन बंद करा. सिम ट्रे पहिल्यांदा बाहेर काढा. ती आत ठेवून पाठ ओढली तर ट्रे वाकते किंवा सिमचा रीडर तुटतो. टेबलावर पांढरा कागद पसरा, त्यावर फोनची बाह्यरेषा काढा. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर त्याच जागी सेलोटेपने चिकटवा. हे चोचले वाटतील, पण आवश्यक आहेत. दिसायला सारखे स्क्रू लांबीला एखाद्या मिलिमीटरने वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो खालच्या बोर्डात घुसून त्यातले धागे कापतो. फोन तिथेच डेड.

ड्रायर कडेकडेने दीड-दोन मिनिटं फिरवा. हाताला सोसवेल इतपत गरम पुरे. तळाच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पिक सरकवा, आत फार तर दोन-तीन मिलिमीटर. पाठ सुटली की ती झटक्यात उचलू नका. बोटाचा सेन्सर पाठीवर असलेल्या फोनमध्ये एक तपकिरी पट्टी पाठीपासून बोर्डापर्यंत गेलेली असते. ती तुटली की बोटाने उघडणं बंद.

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढल्यावर बॅटरीची पट्टी दिसते, तिच्या टोकाला नखाएवढा चौकोनी कनेक्टर. बाकी काहीही हलवण्याआधी तो प्लास्टिकच्या पट्टीने वर उचलून सोडवा. आधी बॅटरी सुटी, शेवटी बॅटरी जोडलेली. हा क्रम चुकला आणि वीज चालू असताना स्क्रीनची पट्टी काढली, तर बॅकलाइटचा फ्यूज उडतो. मग बॅटरीचं काम बोर्डाच्या कामावर जातं आणि पाचशेचं बिल दोन हजारांवर.

बॅटरी तळाला घट्ट चिकटलेली असते. काही फोनमध्ये तिच्या कडेला ओढायची पट्टी असते, ती सावकाश सपाट ओढा. नसेल तर कडेने अल्कोहोलचे तीन-चार थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, जुन्या प्लास्टिक कार्डाने खालून सरकवत जा. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायचं नाही. बॅटरीच्या खाली स्क्रीनची मागची बाजू असते. तिथे दाब पडला की नव्या बॅटरीसोबत काळा डाग पडलेला स्क्रीन मिळतो. बॅटरी वाकू लागली तर थांबा, आणखी थेंब सोडा.

नवी बॅटरी चिकटवण्याआधी नुसती जोडून पाहा. फोन सुरू होतो का, चार्जिंगचं चिन्ह येतं का, दहा मिनिटांत टक्के वाढतात का, स्क्रीनला सगळीकडे स्पर्श लागतो का, कॅमेरा, स्पीकर, बोटाचा ठसा. सगळं पाहा. परत करायची असेल तर हीच वेळ आहे. ठीक असेल तर फोन बंद करा, कनेक्टर सोडवा, बॅटरी बसवा, पुन्हा जोडा. गोंदाची रेघ बारीक ओढा. जाड ओढली तर ती स्पीकरच्या जाळीत आणि माइकच्या भोकात जाते. वर पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. गोंद पूर्ण पक्का व्हायला चोवीस तासांहून जास्त लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने निवांत दोन तास धरावेत. लहान मुलं झोपल्यावर, पंखा बंद करून.

स्क्रीन: सगळ्यात मोठा सापळा

बाजारात याला फोल्डर म्हणतात: काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. साध्या एलसीडी फोनचा फोल्डर १००० ते २००० रुपयांत मिळतो. त्यात ‘फ्रेमसह’ आणि ‘फ्रेमविना’ असे दोन प्रकार. फ्रेमसहचा तीनशे-चारशे रुपयांनी महाग असतो, घरी लावायचा तर तोच घ्या. फ्रेमविना फोल्डर लावायचा म्हणजे जुन्या फ्रेममधला फुटका डिस्प्ले गरम करून तुकड्या-तुकड्यांनी काढायचा. बोटं कापतात, फ्रेम वाकते आणि वाकलेल्या फ्रेममध्ये नवा डिस्प्ले पहिल्याच दाबाला तडकतो. फ्रेमसह घेतला तर उलट आहे: जुन्या फोनमधला बोर्ड, बॅटरी, कॅमेरा काढून नव्या फ्रेममध्ये बसवायचा. भाग जास्त, धोका कमी.

अॅमोलेड फोनला बाजारात दीड-दोन हजारांचा फोल्डर दिसला आणि कंपनी सहा हजार सांगत असेल, तर हुरळून जाऊ नका. स्वस्त फोल्डर टीएफटी (एलसीडी) प्रकाराचा असतो. तो जाड असल्याने कडेने थोडा वर राहतो, उन्हात दिसत नाही, बॅटरी जास्त खातो. मुख्य म्हणजे स्क्रीनखालचा बोटाचा सेन्सर त्याच्यावर चालत नाही, कारण त्याला मागून आरपार पाहू देणारा अॅमोलेडच लागतो. बँकेचं अॅप बोटाने उघडायची सवय असेल तर पहिल्याच दिवशी कळतं. त्यामुळे विकत घेताना थेट विचारा: ‘अॅमोलेड की टीएफटी? फिंगरप्रिंट चालेल का?’ उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

माझं मत स्पष्ट आहे. फोनची आजची विक्री किंमत काढा. स्क्रीनचा एकूण खर्च तिच्या निम्म्याहून जास्त जात असेल तर तो फोन दुरुस्त करू नका. अॅमोलेड स्क्रीन घरी बसवू नका. एलसीडीचा फ्रेमसह फोल्डर, तोही बॅटरी आधी एकदा बदलून हात बसला असेल तरच.

जे खर्च कुणी सांगत नाही

फोन पाणीरोधक असेल, तर एकदा उघडल्यावर ते रोधकपण गेलं असं समजा. बी-७००० गोंदाने कारखान्यातली सील परत येत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो दुचाकीवर वरच्या खिशात ठेवू नका.

घरी उघडलेला फोन नंतर सर्व्हिस सेंटरला नेला, तर ते काम नाकारू शकतात. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खोबणीत पाण्याची खूण दाखवणारी पांढरी पट्टी असते. अल्कोहोल किंवा ओल तिला लागली आणि ती लाल-गुलाबी झाली, की ‘पाण्यात पडलेला’ असा शेरा बसतो. काम करताना तिथे थेंब जाऊ देऊ नका.

अर्धवट उघडलेला फोन दुकानात नेला, तर कारागीर जास्त पैसे सांगतो आणि त्यात त्याची चूक नाही. दुसऱ्याने बिघडवलेलं काम निस्तरण्याची जोखीम तो घेतो. त्यामुळे अडल्यासारखं वाटलं, तर बळजबरी करण्याआधी थांबा. कनेक्टर सोडवलेला, स्क्रू कागदावर लावलेले, पाठ वेगळी अशा अवस्थेत नेलेला फोन दीडशे-तीनशे मजुरीत जोडून मिळतो. तुटलेली पट्टी घेऊन गेलात, तर नाही.

दुकानात देताना फोनचा पिन देऊ नका. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि अॅप्स दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तर समोर बसून काम करून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. चालू कॅमेरा, चालू स्पीकर यांची बाजारात किंमत येते. मदरबोर्ड बदलायची वेळ आली, तर काम झाल्यावर *#०६# दाबून आयएमईआय बघा आणि केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२वर एसएमएस करा. दुसऱ्याच्या चोरलेल्या फोनचा बोर्ड तुमच्या हातात यायला नको.

जुन्या बॅटरीचं काय

कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात गॅलरीत ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे नियम २०२२चे आहेत, आणि दोन्हींत गोळा करून विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. यासाठी तुम्हाला पैसे द्यावे लागत नाहीत. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती फोडतो.

फसवणूक झाली तर

विक्रेता बदलून देत नाही, कंपनी दर लपवते, विनाकारण वॉरंटी नाकारते? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सकाळी ८ ते रात्री ८, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका. तिथे सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील बंधनकारक नाही, तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. सोबत जोडायचं ते एवढंच: भागाचं पक्कं बिल, वॉरंटीचे दिवस लिहिलेला कागद, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, दुकानदाराशी झालेला व्हॉट्सअॅपवरचा संवाद. यातलं पहिलं नसेल तर बाकीच्यांना फारसं वजन राहत नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी बिल हातात घ्या.